शारीर-संज्ञांचा अर्थपालट

जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून पत्रें, महजर व जमाखर्च यांच्या जोडीनें वैद्यकाचीं बाडें आणि संस्कृत वैद्यकग्रंथांच्या सुट्या पोथ्याहि बहुधा निघतात. त्यांचें भाग्य मात्र निराळें. पत्राची नक्कल होते, महजरावर टिपण लिहिलें जातें. बाडाविषयीं यादींत 'वैद्यक, त्रुटित' एवढी ओळ पडते आणि तें पुनः रुमालांत बांधलें जातें. ज्या थोड्या अभ्यासकांनीं हीं बाडें वाचण्याचा उद्योग केला आहे त्यांच्या वाचनांत एक दोष आम्हांस वारंवार आढळला, व त्याविषयीं येथें लिहिण्याचें योजिलें आहे. हा दोष लिपीचा नाहीं, व्याकरणाचाहि नाहीं. अपरिचित शब्द आला म्हणजे वाचक थबकतो, कोश उघडतो, जाणत्यास विचारतो. परिचित शब्दापाशीं तो थबकत नाहीं. शरीराच्या भागांचीं नांवें तर सर्वांच्याच परिचयाचीं. आणि त्यांपैकीं निदान सात-आठ नांवांचा अर्थ गेल्या दोनशें वर्षांत इतका पालटला आहे कीं, शाळेंत शिकलेला अर्थ पोथींत घातला असतां वाक्य शुद्ध राहतें, पण आशय भलताच होतो.

आमचें वास्तव्य पेणेच्या शेजारीं रामवाडीस आहे. शाळेंतून निवृत्त झाल्यावरहि आजूबाजूचीं मुलें शरीरशास्त्राचें पुस्तक घेऊन शब्दांचे अर्थ विचारावयास येतात, आणि संस्कृत शिकविण्यांत जन्म गेल्यामुळें आम्ही प्रथम धातु व प्रत्यय सांगूं लागतों. घोंटाळा तेथेंच सुरू होतो. मुलाच्या पुस्तकांत लिहिलेलें असतें कीं, स्नायु आकुंचन पावतो व त्यामुळें हाड हलतें. आमच्या पुढ्यांतील सुश्रुतसंहितेंत स्नायु म्हणजे हाडास हाड बांधणारी दोरी. दोन्ही विधानें आपापल्या ठिकाणीं खरीं आहेत. शब्द एक, वस्तु दोन.

या स्नायु शब्दापासूनच आरंभ करूं, कारण त्याची कथा सर्वांत बोधक आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानाचा पांचवा अध्याय, ज्यास शरीरसंख्याव्याकरण म्हणतात, तो या बाबतींत मुख्य आधार होय. तेथें स्नायूंची संख्या ९०० दिली आहे : हातापायांत ६००, धडांत २३०, मानेपासून वर ७०. त्यांचे प्रकार चार सांगितले आहेत, प्रतानवती, वृत्त, पृथु आणि सुषिर. आणि कंडरा ही वृत्त प्रकारांतली. दृष्टांत नावेचा आहे. फळ्या जोडून व पुष्कळ बंधनांनीं आवळून केलेली नाव जसा पाण्यावर भार सोसते, तसा सांधे स्नायूंनीं बांधलेले असल्यामुळें मनुष्य भार सोसतो. धरमतरच्या खाडींतले मचवे व पडाव ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस बंधन निराळें व नाव हांकणारें बळ निराळें, हें समजावून सांगावयास नको. पुढें ग्रंथकार असेंहि म्हणतो कीं, अस्थि, पेशी, सिरा किंवा संधि यांस इजा झाल्यानें होत नाहीं इतका घात स्नायूच्या इजेनें होतो. पेशी व स्नायु एकाच वाक्यांत परस्परांपासून वेगळे काढलेले असल्यामुळें येथें शंकेस जागाच उरत नाहीं. सुश्रुताचा स्नायु म्हणजे आजचा अस्थिबंध व कंडरा. आजच्या मराठींतला स्नायु, म्हणजे आकुंचन पावून अवयव हलविणारें मांस, त्यास सुश्रुताचा शब्द पेशी हा आहे.

एवढ्यावर भागत नाहीं. हाच शब्द बंगालींत मेंदूकडून संदेश वाहणाऱ्या तंतूस लावितात, व हिंदींतहि 'स्नायुतंत्र' या जोडशब्दांत तोच अर्थ पुष्कळदां असतो. उलट हिंदीच्या शास्त्रीय परिभाषेंत तो अस्थिबंधाकडे राहिला आहे. म्हणजे एका संस्कृत शब्दानें बांधणारी दोरी, ओढणारें मांस आणि संदेश नेणारी तार, अशा तीन वस्तूंचीं घरें धरलीं. एखाद्या बंगाली वैद्यकग्रंथाचें मराठी भाषांतर समोर ठेवून पोथी लावूं पाहणारा वाचक या तिहींत कोठें अडकेल याचा नेम नाहीं.

मौजेची गोष्ट ही कीं, पंडितांच्या मराठींतून मूळ अर्थ गेला, पण अडाण्यांच्या मराठींत तो टिकला. नारू हा रोग आतांच्या पिढीनें पाहिलेला नाहीं. पायविहिरींच्या पाण्यांतून शरीरांत शिरणारा आणि पुढें पायावाटे हातभर लांब पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर येणारा हा कृमि मुंबई इलाख्यांत एके काळीं सर्वांच्या ओळखीचा होता. काडीला गुंडाळीत गुंडाळीत तो दिवसानुदिवस ओढून काढीत. हिंदुस्थानांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं नोंदला गेला व २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. संस्कृत वैद्यकांत या रोगास स्नायुक म्हणतात. स्नायूचें प्राकृत रूप ण्हारु, पालींत नहारु, आणि मराठींत नारू. दोरीसारखा दिसतो म्हणून दोरीचें नांव. ज्या खेडुतानें सुश्रुताचें नांवहि ऐकलें नाहीं त्याच्या तोंडीं सुश्रुताचा अर्थ जसाच्या तसा राहिला, आणि आम्ही शाळामास्तर मात्र स्नायु बळकट करण्यासाठीं मुलांकडून दंड काढवीत राहिलों. बाडांत 'स्नायुकावर लेप' असें दिसलें तर तो लेप मांसाच्या ठणक्यावरचा नसून नारूवरचा आहे, हें ध्यानांत ठेवावें.

आतां पेशी. सुश्रुताच्या गणनेंत पेशी ५०० : हातापायांत ४००, धडांत ६६, मानेपासून वर ३४, स्त्रियांस २० अधिक. तिचें काम सिरा, स्नायु, अस्थि व संधि यांस झांकून बळ देण्याचें. हिंदीनें हा अर्थ 'मांसपेशी' या शब्दांत जपला. मराठींत पेशी म्हणजे सजीव शरीराचा सूक्ष्मतम घटक, जो सूक्ष्मदर्शकावांचून दिसत नाहीं. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं बुचाच्या पातळ कापांत जे कप्पे पाहिले त्यांस त्यानें कोठडी या अर्थाचा शब्द योजिला. हिंदीनें त्याचें कोशिका केलें, मराठीनें पेशी केलें. मराठीची ही निवड निराधार म्हणतां येत नाहीं. पेशी शब्दाच्या पोटांत कोशाचा, वेष्टनाचा अर्थ पूर्वीपासून आहे. अमरानें पक्ष्याच्या अंड्याचे पर्याय देतांना पेशी व कोष हीं नांवें घेतलीं आहेत. शिवाय गर्भाच्या दुसऱ्या महिन्याच्या वर्णनांत पिंड, पेशी व अर्बुद असे तीन आकार सांगून त्यांवरून पुत्र, कन्या व नपुंसक यांचें अनुमान केलें आहे. तेव्हां एकट्या सुश्रुतांतच पेशी म्हणजे मांसाचा पट्टा कीं लांबट गर्भ, हें प्रकरण पाहूनच ठरवावें लागतें. आजचा अर्थ मात्र कोणत्याहि जुन्या पोथींत बसणें शक्य नाहीं, कारण ती वस्तुच कोणाच्या डोळ्यांस दिसलेली नव्हती.

मज्जा हा सात धातूंपैकीं सहावा. मोठ्या हाडांच्या पोकळींत असणारा स्निग्ध पदार्थ, हा त्याचा अर्थ सर्व संहितांत एकसारखा आहे. मग मराठींत मज्जातंतु, मज्जारज्जु, मज्जासंस्था हे शब्द कोठून आले? पाठीच्या कण्यांतून जाणाऱ्या दोरीस इंग्रजींत मागें 'स्पायनल मॅरो', म्हणजे कण्यांतील मगज, असें म्हणत. लॅटिनमधील मेड्युला या शब्दाचाहि तोच अर्थ. हाडाच्या नळींत मगज असतो तसा कण्याच्या नळींत हा मऊ पांढरा पदार्थ, अशी ती युरोपीय कल्पना. आमच्या मतें आपल्या भाषांतरकारांनीं ती शब्दासकट उचलली. अलीकडील शालेय पुस्तकांत चेतासंस्था, चेतातंतु व मेरुरज्जु असे शब्द आल्यामुळें मज्जा पुनः आपल्या हाडांत परतली आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु मधल्या शंभर वर्षांच्या मराठी ग्रंथांत 'मज्जा बिघडली' असें वाक्य आलें तर ग्रंथकार वैद्य कीं डॉक्टर हें आधीं पाहिलें पाहिजे. वैद्य हाडाविषयीं बोलत असेल, डॉक्टर मेंदूविषयीं.

सिरा, धमनी, नाडी व स्रोतस् या चौकडीचा गुंता याहून जुना आहे, आणि तो भाषांतरकारांनीं केलेला नाहीं. अमरकोशांत नाडी, धमनि व सिरा हे पर्याय म्हणून एकत्र आहेत. आपल्याकडील पाठशाळांत अमर तोंडपाठ असल्यामुळें बाडें लिहिणाऱ्यांच्या मनांतहि हे शब्द एकमेकांच्या जागीं सहज जात. सुश्रुत मात्र नवव्या अध्यायांत, धमनीव्याकरणांत, हें मत पूर्वपक्ष म्हणून मांडतो व खोडून काढतो : लक्षण भिन्न, मूळसंख्या भिन्न, कार्य भिन्न, शास्त्रवचनहि भिन्न, म्हणून सिरा, धमनी व स्रोतसें वेगळीं. त्याच्या मतें मूळ सिरा ४०, त्यांच्या शाखा ७००, धमन्या २४. शब्द, रूप, रस, गंध यांचें ज्ञान, श्वास, जांभई, हसणें, बोलणें, रडणें हीं सारीं धमन्यांचीं कामें. अशा धमनीस आजची रक्त नेणारी धमनी म्हणतां येत नाहीं व मज्जातंतुहि म्हणतां येत नाहीं; दोन्ही कामांचा कांहीं भाग तिच्याकडे आहे. चरकानें व्युत्पत्तीनें भेद दाखविला आहे, ध्मानावरून धमनी, स्रवणावरून स्रोतस्, सरणावरून सिरा. ध्मा म्हणजे फुंकणें. ग्रीक वैद्यांनींहि धमनीस वायु धारण करणारी या अर्थाचें नांव दिलें होतें, कारण मृत्यूनंतर धमन्यांतील रक्त बहुतेक शिरांत उतरतें व चिरून पाहणाऱ्यास त्या रित्या दिसतात. रक्त हृदयांतून धमन्यांत व शिरांवाटे पुनः हृदयांत फिरतें हें हार्वेनें १६२८ सालीं ग्रंथद्वारें सिद्ध केलें. त्यापूर्वीच्या कोणत्याहि देशाच्या ग्रंथांत धमनी व शिरा यांचा आजचा विभाग शोधणें व्यर्थ आहे.

मोडी बाडांत यांत आणखी एक अडचण येते. मोडींत इकाराचा व उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद राखला जात नाहीं. त्यामुळें डोकें या अर्थाचा शिर आणि रक्तवाहिनी या अर्थाची शीर हीं अक्षरें मिळून एकच. 'शीर दुखते' यावरील उपाय मस्तकशूळाचा कीं पिंडरीच्या ओढीचा, हें औषध पाहून ठरवावयाचें. लोकभाषेंत तर टाचेवरच्या जाड कंडरेसहि लोक शीर म्हणतात, नसहि म्हणतात. संस्कृत पोथ्यांत सिरा व शिरा हीं दोन्ही रूपें येतात, त्यांवरून भेद काढूं नये. (वर्गांत हा शब्द आला कीं मुलांना गोड शिरा आठवे आणि पुढील पांच मिनिटें वायां जात.) नाडीविषयीं एवढेंच सांगतों कीं, मूळ अर्थ पोकळ देंठ. त्यावरून हाताची नाडी, जिची परीक्षा शार्ङ्गधरापासून ग्रंथांत ठळकपणें येते; त्यावरूनच नाडीव्रण, म्हणजे आंत नळीसारखा पोखरत गेलेला व्रण. नाडीव्रणाचा अर्थ 'मज्जातंतूची जखम' असा केलेला आम्हीं छापील पुस्तकांत वाचला आहे. हठयोगांतील ७२,००० नाड्या व इडा, पिंगला, सुषुम्ना यांस आजच्या शारीरांतील तंतु ठरविण्याचा उत्साहहि आवरावा. तें शास्त्र निराळें, त्याचें प्रमाणहि निराळें.

कोठ्यांतील अवयवांकडे वळूं. येथें वाचकाची फसगत शब्दाच्या दुसऱ्या अर्थानें होते. क्लोम हा अवयव कोणता, यावर विद्वानांचा वाद जुना आहे. कोणी उजवें फुप्फुस म्हणतात, कोणी श्वासनलिका, कोणी पित्ताशय, कोणी आजचें स्वादुपिंड. चरक व सुश्रुत दोघेहि तालु व क्लोम यांस उदकवह स्रोतसांचें मूळ म्हणतात, म्हणजे त्यांचा संबंध तहानेशीं आहे. सुश्रुत हृदयाच्या खालीं डावीकडे प्लीहा व फुप्फुस, उजवीकडे यकृत व क्लोम, अशी मांडणी देतो. अमरानें क्लोमास तिलक असा पर्याय दिला, डल्हणानें तें यकृताच्या खालीं उजव्या अंगास सांगितलें, आणि शार्ङ्गधरानें तर तिल असेंच म्हटलें. या वादाचा निकाल लावण्याचा आमचा विचार नाहीं, व तो केवळ शब्दांवरून लागेल असेंहि वाटत नाहीं. परंतु बाडांत 'तिल' दिसतांच तीळ समजून तो औषधाच्या यादींत ढकलण्यापूर्वीं जवळपास तृष्णा किंवा जलवाही सिरा यांचा उल्लेख आहे काय, तें पाहावें. गुल्माचेंहि तसेंच. वैद्यकांत गुल्म म्हणजे पोटांतील गोळा. पण अमरांत तो प्लीहेचाहि पर्याय आहे, आणि झुडूप व सैन्याची तुकडी हे अर्थ आहेतच. बुक्का म्हटलें कीं आपणांस पंढरीचा बुक्का आठवतो. अमरांत तो हृदयाच्या पर्यायांशेजारीं बसला आहे, आणि वृक्क म्हणजे पाठीकडील दोन पिंड, हे मात्र वेगळे. मेंदूस सुश्रुतांत मस्तुलुंग म्हणतात. लेखकाच्या हातून एका अक्षराचा फरक झाला कीं त्याचें मातुलुंग, म्हणजे महाळुंग होतें, आणि महाळुंग हें वैद्यकांत पदोपदीं लागणारें फळ असल्यामुळें कोणास संशयहि येत नाहीं.

काळीज या मराठी शब्दाचा प्रवास याच जातीचा आहे. काळसर मांसखंड म्हणून संस्कृतांत यकृतास कालखंड म्हणतात. काळीज त्याच कुळांतला. खाटकाच्या दुकानीं कलेजी म्हणजे आजहि यकृतच. पण कवितेंत व बोलण्यांत काळीज धडधडतें, फाटतें, पिळवटतें, म्हणजे तें हृदय झालें आहे. 'काळजाचें दुखणें' यावर बाडांत कडू रेचक सांगितलेलें असेल तर वैद्य यकृताविषयीं बोलत आहे असें समजण्यास हरकत नाहीं. प्लीहेस पांथरी हा अस्सल मराठी शब्द आहे, व हिंवतापानें पांथरी वाढलेलीं माणसें खाडीकांठच्या आमच्या या भागांत, म्हणजे १९८१ सालीं रायगड नांव मिळालेल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यांत, दुर्मिळ नव्हतीं.

हा पालट घडला कसा? पाश्चात्य शारीर देशी भाषांत आणण्याचा उद्योग मुंबईंत फार लवकर सुरू झाला. डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालीं १८२६ सालीं तेथें देशी वैद्यकशाळा निघाली व शिक्षण देशी भाषांतून होतें. ती १८३२ सालीं बंद झाली. कलकत्त्यास १८३६ सालीं पंडित मधुसूदन गुप्त यांनीं शवच्छेदन केलें. त्यांनींच एका इंग्रजी शारीरग्रंथाचें संस्कृत भाषांतरहि केलें. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचें. १८५१ सालीं तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींत भाऊ दाजी लाड होते, ज्यांस या पत्रिकेचे वाचक वैद्य म्हणून नव्हे तर शिलालेख व हस्तलिखितें यांचे संशोधक म्हणून ओळखतात. त्या कॉलेजांत १८६१ च्या सुमारास मराठी व गुजराती वर्ग निघाले आणि त्यांसाठीं मराठी पुस्तकें लागूं लागलीं, डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनीं तीं लिहिलीं. या मंडळींपुढें वेळ थोडा होता. इंग्रजी संज्ञेस जवळचा वाटेल तो संस्कृत शब्द त्यांनीं घेतला, आणि सुश्रुताची छापील, सटीक, शोधलेली प्रत हातीं नसतांना दुसरें कांहीं करणें त्यांस शक्यहि नव्हतें. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांची अष्टांगहृदयाची आवृत्ति १८८० सालची. यादवजी त्रिकमजी आचार्य यांची डल्हणाच्या टीकेसह सुश्रुतसंहिता निर्णयसागरांत १९१५ सालीं प्रथम निघाली व तिची सुधारून वाढविलेली आवृत्ति १९३८ सालची. शब्द आधीं रूढ झाले, ग्रंथ मागून आले. कविराज गणनाथ सेन यांनीं १९१३ सालीं प्रत्यक्षशारीर हा संस्कृत ग्रंथ लिहून संज्ञा नव्यानें बसविण्याचा यत्न केला. तोंपर्यंत मराठी शाळांतून स्नायु कायमचा मांसल झाला होता. याबद्दल आपल्याच लोकांस दोष देण्याचें कारण नाहीं. युरोपांत एकाच अवयवास इतकीं नांवें झालीं होतीं कीं, १८९५ सालीं बाझल येथें शारीरज्ञांनीं सुमारें ५०,००० नांवांतून सुमारें ५,००० निवडून बाकीचीं टाकलीं.

संशोधकाच्या दृष्टीनें या पालटाचा एक उपयोगहि आहे, आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. पालटलेले शब्द कालनिर्णयास साह्य करतात. वृक्क हा अवयव मूत्र उत्पन्न करतो असें प्राचीन ग्रंथ म्हणत नाहींत. ते त्याचा संबंध पोटांतील मेदाशीं लावतात. मूत्रपिंड या नांवांतच आधुनिक ज्ञान आहे. स्वादुपिंड हें तर इंग्रज खाटीक त्या मांसास 'स्वीटब्रेड' म्हणतात त्याचें भाषांतर असावें असें आमचें मत आहे. तारीख नसलेल्या बाडांत मूत्रपिंड, स्वादुपिंड, मज्जातंतु यांपैकीं एकहि शब्द मूळ लेखकाच्या हातचा आढळला तर तें बाड, निदान तें पान, एकोणिसाव्या शतकापूर्वींचें धरूं नये, मग कागद कितीहि जुना दिसो. कोरा जुना कागद वापरणारे थोडे नव्हते.

शब्दांप्रमाणें संख्याहि बोलतात. अस्थि ३६० हें मत चरकाचें, वाग्भटाचें व याज्ञवल्क्यस्मृतीचें. ३०० हें सुश्रुताचें व त्यामागून शार्ङ्गधराचें. सुश्रुत स्वतःच ३६० हें वेदवाद्यांचें मत म्हणून नमूद करतो व शल्यतंत्रांत ३०० म्हणतो. महाराष्ट्रांत वाग्भटाचा अभ्यास फार जुना आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. म्हणून बाडांतील आंकडा पाहतांच तें कोणत्या परंपरेंतलें याचा अंदाज येतो. आंकडा २०६ असेल तर लेखकाच्या कानावर इंग्रजी शारीर गेलेलें आहे. येथें एक लोकप्रिय समजूत खोडून काढणें अवश्य आहे. बालकाच्या शरीरांत हाडांचे सुटे भाग पुष्कळ असतात व वाढत्या वयांत ते जुळतात, त्यावरून सुश्रुतानें बालकाचीं हाडें मोजलीं म्हणून ३०० आलीं, असें सांगण्यांत येतें. सुश्रुताच्या ३०० मध्यें ३२ दांत आहेत. बत्तीस दांतांचें बालक आम्हीं तरी पाहिलेलें नाहीं. संख्या वाढते ती दांत, कूर्चा व आज एक मानलेल्या हाडांचे निरनिराळे भाग मोजल्यामुळें; त्यानें अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय व नलक असे पांच प्रकार केले आहेत, त्यांत रुचक म्हणजे दांत व तरुण म्हणजे आज आपण ज्यास कूर्चा म्हणतों ती. (आणि कूर्च हा शब्द सुश्रुतांत पुनः वेगळ्याच, कुंचल्यासारख्या सहा रचनांस लावलेला आहे!)

या संख्यांनीं पोथी तपासतांहि येते. मानेपासून वर सुश्रुत ६३ अस्थि सांगतो : मानेंत ९, कंठनाडींत ४, हनूचीं २, दांत ३२, नाकांत ३, टाळूंत १, गाल, कान व शंख यांत प्रत्येकीं २ मिळून ६, आणि डोक्यांत ६. बेरीज ६३ येते. हातापायांचीं चार वेळां ३० म्हणजे १२०, धडाचीं ११७, आणि हीं ६३, मिळून ३००. मर्मांचेंहि तसेंच : मांसाचीं ११, सिरांचीं ४१, स्नायूंचीं २७, अस्थींचीं ८, संधींचीं २०, एकूण १०७. हातांतील प्रतींत बेरीज जुळली नाहीं तर ओळ गळली आहे किंवा आंकडा बिघडला आहे, हें दुसरी प्रत न पाहतांहि कळतें. दानपत्रांतील शक व संवत्सर ताडून पाहणाऱ्या आमच्या मंडळींनीं ही बेरीज करण्याचा कंटाळा कां करावा?

यादी करणाऱ्यांस आमची सूचना अशी कीं, वैद्यक बाडाच्या नोंदींत 'त्रुटित' या शब्दाबरोबर तीन गोष्टी टिपाव्या : अस्थींची संख्या दिलेली असल्यास ती, स्नायु व पेशी हे शब्द कोणत्या अर्थानें आले आहेत तें, आणि मूत्रपिंडादि नव्या संज्ञा आहेत कीं नाहींत. छापतांना मूळ शब्द मजकुरांत तसाच ठेवावा, आजचा अर्थ खालीं टीपेंत द्यावा. स्नायूच्या जागीं अस्थिबंध लिहून मजकूर सुधारणें हा तर सर्वांत मोठा अपराध, कारण पुढल्या वाचकास मूळ काय होतें हें कळण्याचा मार्गच राहत नाहीं.

पनवेलीस १८७२ सालीं पुराणिक शास्त्र्यांनीं धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला, त्याच्या आधींपासून या टापूंत वैद्यांचीं घरें होतीं, आणि अशा घरांतून मराठी अर्थासह लिहिलेल्या शार्ङ्गधराच्या पोथ्या असण्याचा पुष्कळ संभव आहे. ज्यांच्या संग्रहीं तशी पोथी असेल त्यांनीं पूर्वखंडाचा पांचवा अध्याय उघडून तिल, वृक्क व कंडरा या तीन शब्दांखालीं मराठींत कोणता शब्द लिहिला आहे तेवढें उतरून या पत्रिकेकडे धाडावें. पोथीचा शक असल्यास तोहि द्यावा.